दामोदर कोसंबी : एका विद्वानाचे मोजमाप

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी तोलमाप खात्यातला माणूस. डिप्लोमा करून नोकरीला लागलो, तेव्हापासून दुकानांतले काटे आणि वजने तपासतो आहे. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. पण मोजण्याबद्दल चार शब्द बोलू शकेन.

माझी मुलगी कृषी विषयात एम.एस्सी. करते. गेल्या दिवाळीत ती प्रबंध लिहीत बसली असताना संगणकावर 'कोसंबी' हे नाव दिसले. मी विचारले, "इतिहासवाले कोसंबी तुझ्या भातात कुठे आले?" ती म्हणाली, "बाबा, हे फॉर्म्युलावाले. तुमचे वेगळे असतील." शोधले, तर माणूस एकच!

दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म 1907, गोवा. त्यांचे वडील धर्मानंद म्हणजे पालीचे थोर पंडित. त्यांना आपल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दरमहा 50 रुपयांचे साहाय्य दिले होते. दामोदर हार्वर्डमधून 1929 साली पदवीधर झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते.

मुलीच्या भातातला त्यांचा लेख 1944 चा. दोन जनुके वेगळी होण्याचे प्रमाण 20 टक्के आढळले, तर त्यांच्यातले अंतर 20 धरून चालत नाही, कारण मधल्या काही अदलाबदली एकमेकींना पुसून टाकतात. हॉल्डेनच्या जुन्या सूत्राने ते अंतर साधारण 25.5 येते. पण एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी सहसा होत नाही. हे लक्षात घेणाऱ्या कोसंबींच्या सूत्राने ते 21.2 येते. आजही पिकांचे जनुकीय नकाशे करताना हे सूत्र वापरतात.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1943 साली, त्यांनी संख्याशास्त्रातला एक लेख भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापला. तीच पद्धत पुढे युरोपात कारहुनेन आणि लोएव्ह यांनी मांडली, आणि जगात ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. कोसंबींचे नाव पुष्कळदा गळते. उलट भूमितीतल्या त्यांच्या 1933 च्या कामाला कार्तां आणि चर्न यांच्या जोडीने आजही 'कोसंबी-कार्तां-चर्न' असे नाव आहे.

आणि माझ्या खात्याचा विषय म्हणजे नाणी! टांकसाळीतून नाणे ठरावीक वजनाचे निघते. हातोहात फिरताना ते कणाकणाने झिजते. मग सरासरी वजन घटत जाते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. कोसंबींनी हजारो नाणी काट्यावर तोलून तक्षशिलेच्या नाण्यांचा कालक्रम लावला. त्यातूनच ते इतिहासाकडे वळले. 1948 मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आणि 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा गाजलेला ग्रंथ त्यांनी दिला.

आता हिशोब कसा करायचा? हल्ली 'एच निर्देशांक' मोजतात. 10 लेखांना प्रत्येकी किमान 10 संदर्भ मिळाले, की निर्देशांक 10. या काट्यावर 1944 च्या एका लेखाला हजारो संदर्भ मिळाले, तरी तो एकच लेख. ग्रंथांची नोंद अशा याद्यांत पूर्वी फारशी होतच नसे. आणि सूत्राला नाव पडले की लोक नुसते नाव लिहितात, मूळ लेखाचा उल्लेख राहून जातो.

कोसंबी चुकलेही. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकावरचा आपला दावा त्यांनी 1959 साली कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही आणि नावाला धक्का बसला. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. 1966 मध्ये, साठीही न गाठता, ते गेले.

हे सगळे मी का सांगतो आहे? परवा मुलीने विचारले, "बाबा, एका प्रश्नावर दोन वर्षे जातील आणि कदाचित एकच लेख निघेल. दुसऱ्यात झटपट तीन निघतील. नोकरीच्या मुलाखतीत लेख मोजतात. काय करू?" मला लगेच उत्तर सुचले नाही. तिची नोकरी माझ्या हातात नाही.

शेवटी एवढेच म्हणालो, की किराणा तोलायच्या काट्यावर सोने तोलले तर आमचे खाते दंड करते. काटा खोटा नसतो, पण तो त्या कामाचा नसतो.

तिने दोन वर्षांचा प्रश्न घेतला आहे. मला काळजी वाटते, आणि बरेही वाटते. बाप्पाने तिला यश द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!