मनाच्या श्लोकांची चाल : वृत्त, यमक आणि पुनरुक्ती



समर्थ रामदासस्वामींचे (१६०८–१६८१) मनाचे श्लोक महाराष्ट्रातील असंख्य घरांत पोथी न उघडता म्हटले जातात. २०५ श्लोक, ८२० चरण आणि प्रत्येक चरणात १२ अक्षरे, असा या दीर्घ रचनेचा विस्तार आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही ती पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली. याचे श्रेय श्रद्धेला आहेच, पण रचनेच्या बांधणीलाही आहे. ही बांधणी समजून घेतली, म्हणजे पाठांतर कशासाठी करायचे हेही उमगते.

प्रथम वृत्ताचा विचार करू. हे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. एका चरणात चार ‘य’गण आणि प्रत्येक गणात एक लघू व त्यामागून दोन गुरू. लघूवर पाऊल उचलायचे आणि दोन गुरूंवर ते स्थिर टेकायचे, अशी ही चाल आहे. चरणात लागोपाठ दोन लघू येत नाहीत, म्हणून धावता येत नाही. लागोपाठ तीन गुरू येत नाहीत, म्हणून रेंगाळताही येत नाही.

समर्थांना इतर छंद-वृत्ते वश नव्हती असे नाही. दासबोधातील २० दशकांच्या आणि २०० समासांच्या विस्तृत निरूपणासाठी त्यांनी मोकळी ओवी घेतली. करुणाष्टकांतील सर्वांत परिचित रचना मालिनी वृत्तात आहे. तेथे चरणाच्या आरंभी सलग सहा लघू येतात आणि व्याकूळ जिवाची घालमेल त्यांतून ऐकू येते. मनाची समजूत घालताना मात्र त्यांनी भुजंगप्रयात योजले. समजावणाऱ्याचा स्वर घाईचा असून चालत नाही. तो शांत आणि ठाम असावा लागतो.

या चालीत शब्दांच्या जागाही ठरून जातात. ‘मना’ या हाकेत लघूनंतर गुरू आहे. म्हणून ती गणाच्या आरंभीच बसते. पाऊल उचलतानाच मनाला हाक जाते. ‘राम’ हा शब्द याच्या उलट आहे. ‘रा’वर सहसा एक गण संपतो आणि ‘म’पासून दुसरा सुरू होतो. नाम असे दोन पावलांना सांधत जाते. वृत्त सांभाळण्यासाठी समर्थ भाषाही वाकवतात. ‘अनंत’चे ‘आनंत’ होते, ‘क्रिया’ची ‘क्रीया’ होते. कोशापेक्षा कानाचा कौल त्यांनी मोठा मानला.

आता यमक. काही श्लोकांत चारही चरण एकाच यमकाने बांधलेले आहेत, तर काहींत दोन-दोन चरणांच्या जोड्या आहेत. प्रातःकाळच्या रामचिंतनाचा उपदेश करणाऱ्या ६७ ते ७६ या दहा श्लोकांचा चौथा चरण एकच आहे आणि त्याचा शेवट ‘वा’ या अक्षराने होतो. साहजिकच त्याआधीचा चरण कधी ‘कुडावा’, कधी ‘केवा’, तर कधी ‘हेवा’ या शब्दावर येऊन थांबतो. तो शब्द कानी पडताच चौथा चरण आपोआप ओठांवर येतो आणि एकाच्या म्हणण्याला सारे घर साथ देते. ४७ ते ५६ या श्लोकांतही सर्वोत्तमाच्या दासाची नवनवी लक्षणे येतात आणि प्रत्येक वेळी शेवट त्याच एका चरणाने होतो.

साहित्यशास्त्र पुनरुक्तीला दोष मानते. परंतु येथे श्रोता कोण आहे? चंचल मन! सकाळी पटलेले ते सायंकाळी विसरते. अशा श्रोत्याला एकदा सांगून भागत नाही. रोगी औषध विसरतो म्हणून वैद्य कंटाळत नाही. तो पुन्हा तीच मात्रा देतो. समर्थांची पुनरुक्ती या जातीची आहे.

मात्र या गुणातच एक धोकाही दडलेला आहे. चाल इतकी पक्की आहे की अर्थाकडे लक्ष नसले तरी श्लोक पुरा होतो. पाठांतराच्या स्पर्धांत मुले भरधाव श्लोक म्हणतात, गुरू अक्षरे गिळली जातात, टाळ्या पडतात. जीभ पुढे जाते आणि मन मागे राहते. मनाला उद्देशून रचलेले काव्य मनालाच वगळून म्हटले जावे, ही विसंगती घराघरांत विचार करण्याजोगी आहे. चाल उरली आणि अर्थ गेला, तर पुढच्या पिढीला ती चाल तरी का जपावीशी वाटेल?

यावर उपाय अवघड नाही. दिवेलागणीला दहा श्लोक भराभर म्हणण्याऐवजी दोनच म्हणावेत. प्रत्येक गुरू अक्षराला त्याचा पुरता वेळ द्यावा. मग मुलांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा. ‘कुडावा’ म्हणजे रक्षण, हे कळलेले मूल तो श्लोक पुन्हा निराळ्या स्वरात म्हणेल. अखेरच्या, २०५व्या श्लोकात समर्थांनी फलश्रुती सांगितली आहे. ते फळ त्यांनी हे श्लोक ‘ऐकणाऱ्याला’ सांगितले आहे. म्हणणाऱ्याने आपलेच म्हणणे आधी ऐकावे, एवढी अपेक्षा त्यात निश्चितच आहे.