व्हिडिओ गेमची घडण : ‘डूम’पासून आजच्या इंजिनांपर्यंत

व्हिडिओ गेम चालू असताना संगणक एकच फेरा अखंड घालत असतो. खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली हे तो पाहतो, त्यानुसार खेळातल्या जगात बदल करतो, ते जग पडद्यावर चितारतो आणि पुन्हा कळांकडे वळतो. सेकंदाला 60 चित्रे दाखवायची, तर एका फेऱ्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. शत्रूची चाल, टक्कर, आवाज, प्रकाश सगळे तेवढ्यात उरकावे लागते. हे प्रत्येक खेळासाठी नव्याने लिहीत बसणे कोणालाच परवडणारे नसते. म्हणून फेरा सांभाळणारा प्रोग्रॅम एकदाच नीट लिहायचा आणि त्यावर अनेक खेळ उभे करायचे, ही रीत पडली. अशा प्रोग्रॅमला इंजिन म्हणतात.

ही रीत पक्की करण्यात ‘डूम’ या खेळाचा वाटा फार मोठा आहे. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो 10 डिसेंबर 1993 रोजी प्रसिद्ध केला. नकाशे, चित्रे आणि आवाज ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये होते. जॉन कार्मॅक यांनी सी भाषेत लिहिलेले इंजिन ती फाइल उघडून तिच्यात जे असेल ते चालवत असे. फाइल बदलली की त्याच इंजिनावर दुसरा खेळ सुरू. खेळ डॉस संगणकांसाठी होता, पण तो घडला स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीच्या यंत्रांवर. जॉन रोमेरो यांनी लिहिलेला ‘डूमएड’ हा नकाशा-संपादक तिथेच चालत असे.

या संपादकात खोली कशी तयार होई, हे पाहण्यासारखे आहे. नकाशा वरून पाहिल्यासारखा रेषांनी काढायचा. रेषांनी बंद झालेल्या प्रत्येक भागाला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड असे आकडे द्यायचे. भिंतींना चित्रे चिकटवायची. शेजारच्या भागांच्या जमिनीचे आकडे थोडेथोडे वाढवत नेले की जिना तयार. मात्र एका जागी एकच जमीन आणि एकच छत शक्य असल्याने खोलीवर खोली बांधता येत नसे. खिडक्या, उठाव आणि वरखाली होणारे मजले यांच्या आधारे रचनाकारांनी ही उणीव खेळणाऱ्याला जाणवू दिली नाही.

त्यानंतर दुसरा प्रोग्रॅम तो नकाशा एका रेषेने दुभागे, मग प्रत्येक भागाचे पुन्हा दोन भाग करी, आणि असे करत शेवटी छोटे तुकडेच उरत. 1980 मध्ये फुक्स, केडेम आणि नेलर यांनी शोधनिबंधात मांडलेली ही पद्धत आहे. खेळताना संगणकाला एवढेच पाहावे लागे, की खेळणारा प्रत्येक रेषेच्या कोणत्या बाजूला आहे. जवळची भिंत कोणती, दूरची कोणती, हा क्रम त्यातूनच मिळे. जड हिशोब आधीच उरकलेला असल्याने खेळणाऱ्याच्या साध्या संगणकावरचा बोजा हलका होई. चित्रांची तयारीही अशीच आधी होई. खेळातल्या काही राक्षसांसाठी मातीचे पुतळे घडवून त्यांची वेगवेगळ्या बाजूंनी व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रे घेतली, आणि ती संगणकावर हाताने साफ केली.

‘डूम’चे कौतुक सहसा त्याच्या वेगवान चित्रणासाठी होते. त्याहून महत्त्वाचे हे, की प्रोग्रॅमला हात न लावता रचनाकाराला भिंत हलवून लगेच खेळून पाहता येऊ लागले. खेळ रंगतो तो हजारो वेळा करून पाहिल्यावर. करणे आणि पाहणे यांतले अंतर जितके कमी, तितका खेळ चांगला होण्याची शक्यता जास्त. चांगल्या साधनाची खरी कसोटी हीच आहे.

इंजिन भाड्याने देण्याचा धंदाही याच काळात वाढला. रेव्हन सॉफ्टवेअरने ‘डूम’च्या इंजिनावर 1994 मध्ये ‘हेरेटिक’ काढला. 1998 चा ‘हाफ-लाइफ’ हा खेळ ‘क्वेक’ या खेळाच्या इंजिनात फेरफार करून घडला. त्याच वर्षी ‘अनरिअल’ हा खेळ स्वतःचे इंजिन आणि संपादक घेऊन आला, 2005 मध्ये युनिटी हे इंजिन आले आणि 2014 मध्ये अर्जेंटिनात घडलेले गोडो हे इंजिन मुक्त स्रोत झाले. त्रिमितीय आकृत्यांसाठीचे ब्लेंडर तर 2002 मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून मुक्त करून घेतले. पैसा नसलेल्या होतकरूंसाठी याहून मोठी मदत सापडणे कठीण.

आजही कामाची सुरुवात सहसा रंगरूप नसलेल्या राखाडी ठोकळ्यांनीच होते. त्यात धावणे, उडी, लढाई जमली, तरच चित्रकार कामाला लागतात. प्रत्येकाने केलेला बदल गिट किंवा परफोर्ससारख्या प्रणालीत नोंदला जातो, म्हणजे बिघाड झाल्यास मागे जाता येते. फेऱ्यातला कोणता भाग किती वेळ खातो, हे प्रोफायलर दाखवतो. मग परीक्षक एकच दार शंभरदा उघडून दोष शोधतात.

शेवटी खेळ वेगवेगळ्या यंत्रांवर पोहोचवायचा असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने ‘राजी’ हा खेळ अनरिअल इंजिनावर केला. ऑगस्ट 2020 मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. वेगवेगळ्या यंत्रांसाठी एकच खेळ बांधून देण्याचे बरेचसे काम इंजिन करते. पण प्रत्येक कन्सोलच्या कंपनीची तपासणी वेगळी असते आणि त्या यंत्राच्या ताकदीप्रमाणे चित्रांचा तपशील, सावल्या, वेग यांचा मेळ चमूलाच बसवावा लागतो.