'मू' : चिनी लिपीतील झाड



चिनी लिपीचा विषय निघाला की झाडाचे अक्षर प्रथम दाखविले जाते, आणि ते योग्यच आहे; कारण आन्यांगनजीक सापडलेल्या, तीन हजार वर्षांहून जुन्या कासवांच्या कवचांवर व बैलांच्या हाडांवर कोरलेले हे 'मू' अक्षर पाहिले, तर उभे खोड, वर दोन फांद्या आणि खाली दोन मुळ्या हे सारे कोणासही उमगते. आज फांद्या सपाट होऊन त्यांची एकच आडवी रेघ झाली आहे, आणि खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा, ज्यांना पुष्कळ जण झुकलेल्या फांद्या समजतात, त्या मुळ्या आहेत. बुंध्याशी एक खूण केली की 'मूळ', शेंड्याशी केली की 'टोक'. येथवर चित्रच आहे. पण एवढ्यावरून अवघ्या लिपीस चित्रलिपी म्हणून मोकळे होऊ नका, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

जुन्या वाड्यांतील दप्तर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना कागदांचे रुमाल आठवतील. बाहेरच्या चिठ्ठीवरून प्रकरण इनामाचे की वसुलाचे एवढेच समजते. नेमका कागद कोणता, हे रुमाल सोडल्यावाचून कळत नाही. श्यु शन या पंडिताने इसवी सन 100 च्या सुमारास आपल्या कोशात अक्षरांचे असेच 540 रुमाल बांधले आणि त्यांतल्या एकावर 'मू'ची चिठ्ठी लावली. त्यात देवदार, आलुबुखार तर आहेतच, पण लाकडाचा म्हणून पूलही आहे. डावीकडचे 'मू' ही केवळ चिठ्ठी. उजवीकडचा भाग बहुधा उच्चार सांगतो.

शरदात पाने तांबडी होणाऱ्या 'फंग' वृक्षाच्या अक्षरात 'मू'शेजारी वाऱ्याचे अक्षर आहे, तेव्हा वाऱ्यात डोलणारे झाड असा अर्थ लावण्याचा मोह रसिकांस होतो; परंतु वाऱ्याचा उच्चारही 'फंग'च आहे, आणि हे झाड फार हलते असे लिहूनही श्यु शनने नोंद केली ती झाड अर्थासाठी, वारा उच्चारासाठी अशीच. पुन्हा सांगतो : चिठ्ठी म्हणजे कागद नव्हे.

खुद्द श्यु शनही एके ठिकाणी फसला. 'पूर्व' या अक्षरात त्याला झाडाआड उगवलेला सूर्य दिसला. हाडांवरील आकृती मात्र दोन्ही तोंडे बांधलेल्या थैलीची आहे, आणि उच्चार जुळला म्हणून ती दिशेसाठी उसनी घेतली गेली, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा तरी दोष काय? ती हाडे जमिनीत होती. पंडितांचे लक्ष त्यांकडे गेले ते 1899 साली. आपल्यापुढे मात्र ती आहेत, म्हणून सुंदर गोष्ट ऐकताच मान डोलावण्यापूर्वी रुमाल सोडून पाहावा.

झाडाशेजारी माणूस काढला की 'विश्रांती' होते. तेथे उच्चाराचा संबंध नाही, दोन्ही अंगे अर्थाचीच. असे मेळ थोडे का, आणि तेच लोकांच्या ध्यानी का राहतात, याचे कारण सांगावयाचे होते, परंतु नेमून दिलेला वेळ संपला आहे.