कोकराचे जावळ



साक्री-शिंदखेड्याच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे वळणाऱ्या आपल्या समाजास लोकरीची पारख शिकवावयास नको. दख्खनी मेंढीची लोकर राठ; तिचे घोंगडे वारा-पाऊस सोसते, परंतु अंगास टोचते. कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, मात्र मऊ. कारण त्याच्या तंतूंची निमुळती टोके पूर्वी कधी कातरलेली नसतात. मध्य आशियातील काराकुल टोपीसाठी नवजात कोकराचा जीव जातो. जावळास केवळ कातर पुरते. परंतु हे जावळ राठ लोकरीत मिसळले, की दोहोंस राठ लोकरीचाच भाव येतो. म्हणून ते निराळे ठेवावे, निराळे कातावे आणि त्याचे मोलही निराळे मागावे, एवढीच आमची विनंती आहे.