झाड पडलें, घर मोडलें : भरपाई कोणी द्यावी?
(वर्धा जिल्ह्यांतील शेतकरी व मजूर बंधूंपुढें एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



मृगाआधींच्या वादळांत, आर्वीकडे काय नि हिंगणघाटकडे काय, धुऱ्यावरचें झाड शेजाऱ्याच्या गोठ्यावर कोसळतें, कवेलू फुटतात, बैल दगावतो. झाडाचा धनी हात वर करून म्हणतो, "देवाची करणी!" आणि मजूर बिचारा नशिबाला बोल लावून बसतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ही करणी देवाची कीं माणसाची, हें झाड पडण्यापूर्वींच ठरलेलें असतें.

झाड निरोगी होतें व असाधारण वादळानें उन्मळलें, तर धन्याकडे भरपाई मागतां येत नाहीं. पण बुंधा पोखरला आहे, खोड कललें आहे, हें त्याला दिसत होतें किंवा दिसावयास हवें होतें, तरी तो स्वस्थ बसला, तर तो निष्काळजीपणा होय. नुकसान त्यानेंच भरून दिलें पाहिजे. मात्र हें शाबीत करण्याचा भार नुकसान झालेल्यावर असतो. राजकोटास १९७५ सालीं रस्त्याकडेचें झाड पडून एक इसम मरण पावला. खालच्या दोन कोर्टांनीं भरपाई दिली. पण १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महानगरपालिकेस जबाबदार धरलें नाहीं.

म्हणून नुसता बोभाटा नको, कागद करा. पावसाळ्याआधीं धन्याला लेखी कळवा, पोंच घ्या, नक्कल ग्रामपंचायतींत द्या, झाडाचा फोटो ठेवा. धनी न ऐकेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पडून माणसांस इजा होईल असें झाड काढविण्याचा हुकूम त्यांना देतां येतो. पूर्वीं हें फौजदारी प्रक्रिया संहितेचें कलम १३३ होतें; जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें कलम १५२ आहे. धन्यानेंहि परवानगीची सबब सांगूं नये. आंबा, चिंच, मोह, साग तोडण्यास १९६४ च्या कायद्यानें परवानगी लागते, ती मागावी. तो अर्ज त्यालाहि उपयोगी पडेल.

झाड पडल्यावर अडकलेलें माणूस, जनावर आधीं सोडवा. पण तलाठ्याचा पंचनामा होईतों लाकूड हलवूं नका. सरकारी मदत मिळो न मिळो, कोर्टांत तोच कागद बोलेल. लाकूड झाडवाल्याचें, तें चुलींत घालाल तर उलट तुम्हांवरच दावा!

"कोर्ट पैसेवाल्यांचें" असेंहि म्हणूं नका. १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व ठराविक उत्पन्नाखालील लोक यांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

वाळवी लागलेली डोळ्यांना दिसते. तिच्यासाठीं देवाला मध्यें ओढण्याचें कारण नाहीं. उद्यां वावरांत जाल तेव्हां आपल्या धुऱ्यावरचीं झाडें आधीं पाहा, आणि मग शेजाऱ्याचीं.