वीट, माल आणि सात दिवसांचे पाणी
(न्हावा शेवा येथे आदिवासी सेवाकार्याच्या सहायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाडीवरच्या घरांची चौकशी करताना आपण सगळे मला स्लॅब कधी पडणार, रंग कोणता देणार, हे विचारता. भिंतीबद्दल आजवर कोणी विचारले नाही. मीसुद्धा पूर्वी विचारत नसे. माझा डिप्लोमा ईश्वरविज्ञानाचा; ओळंबा कशासाठी लावतात हे मी वयाच्या पस्तिशीनंतर एका कातकरी गवंड्याकडून शिकले.

पीएम-जनमन योजना १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती तिच्यात येतात. घरासाठी २ लाख रुपये मिळतात, तेही काम पुढे सरकेल तसे. एका कुटुंबाला हे एकदाच मिळते. भिंत बिघडली तर दुसऱ्यांदा मागायला जागा नाही. म्हणून आज भिंतीबद्दल बोलते.

कातकऱ्यांचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या आणि वर मातीचा लेप. ती भिंत वाऱ्याने थोडी हलते, वाकते, पण चटकन मोडत नाही. विटेची भिंत अगदी उलट. वरून कितीही ओझे टाका, ती दाब सोसते. वाकवायला किंवा ताणायला गेलात की तडकते. दारा-खिडकीवर लिंटेल का लागते, याचे उत्तर यातच आहे. दाराच्या वर विटा नुसत्या अधांतरी रचता येत नाहीत, म्हणून तिथे लोखंडी सळ्यांचे काँक्रीट घालतात आणि ते दोन्ही बाजूंना भिंतीवर निदान ६ इंच टेकवतात. आमच्या एका घरात ते जेमतेम २ इंच टेकले होते. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. देखरेख माझी होती.

विटेची पारख सोपी आहे. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. चांगली वीट २४ तास पाण्यात ठेवली तर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पीत नाही. पण नुसत्या चांगल्या विटेने भिंत होत नाही. खालच्या थरातला उभा सांधा वरच्या विटेच्या मध्याखाली आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की भिंत म्हणजे शेजारी शेजारी उभे केलेले विटांचे ढीग; त्यांना एकमेकांचा आधार नाही. नऊ इंची भिंतीत काही विटा आडव्या, आतून बाहेरपर्यंत जाणाऱ्या घालतात, तेही याचसाठी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे गेली. त्या भिंतींना आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू होत्या, पण दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. जाडी होती, बांधणी नव्हती.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. आपण खाडीकाठी राहतो. खाडीची रेती जवळ मिळते, स्वस्त पडते, आणि तिच्यात मीठ असते. ते मीठ मालातून भिंतीत जाते. भिंतीला लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, आणि लिंटेलमधली सळई आतल्या आत गंजते. जमिनीतली खारी ओलही वर चढते. ती अडवण्यासाठी जोत्यावर, भिंत सुरू करण्याआधी, काँक्रीटचा एक थर देतात; गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. पैसे वाचवायचे म्हणून पहिला बळी त्याचाच जातो, कारण तो नंतर कोणाला दिसत नाही. कृपा करून तो थर घालताना कोणीतरी तिथे उभे राहा.

माल एक घमेले सिमेंटला सहा घमेली रेती, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. जेवणाची सुट्टी संपल्यावर घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतणारा गवंडी दिसला तर गोडीने थांबवा. विटा लावण्यापूर्वी भिजवायच्या, नाहीतर कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते. एका दिवसात भिंत ५ फुटांपेक्षा वर नेऊ नये. आणि बांधल्यावर निदान सात दिवस ती ओली राहिली पाहिजे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याने घट्ट होते. हे वाक्य मी प्रत्येक वाडीवर सांगते, तरी लोक म्हणतात, "ताई, ऊन चांगलं आहे, लवकर वाळेल."

आमचे खरे दुखणे या सात दिवसांतच आहे. बांधकाम पावसाळ्यात होत नाही. ते दिवाळीनंतर सुरू होते. आणि दिवाळीनंतरच कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, मुलाबाळांसह, पाऊस तोंडावर येईपर्यंत. निर्गमाच्या पुस्तकात फारोच्या विटा थापणारे लोक आपण लहानपणापासून वाचतो. पेंढा दिला नाही तरी विटांची संख्या तेवढीच द्यायची. इथे हिशेब उचलीचा असतो, आणि हंगाम संपला तरी तो फिटत नाही. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, तरी उचल घेतलेले घर मधूनच परत येत नाही. तेव्हा ज्या माणसाने आयुष्यभर विटा थापल्या, त्याच्या स्वतःच्या भिंतीवर पाणी मारायला तो वाडीवर नसतो. भिंत उन्हात तापत राहते. शेजारची म्हातारी जमेल तेव्हा तांब्याने शिंपडते. मी हे पाहिले आहे आणि तिला काही बोलू शकले नाही. पिण्याचे पाणीच ती अर्धा मैल चालून आणत होती.

म्हणून या वर्षी माझी मागणी थोडी वेगळी आहे. सिमेंटच्या गोण्यांसाठी देणग्या येतात, त्याबद्दल देवाची उपकारस्तुती. पण आता मला वाडीवर एक मोठी टाकी, दोनशे फूट पाईप, जुनी गोणपाटे आणि पाणी मारणाऱ्या एका माणसाची मजुरी हवी आहे. तो माणूस वाडीतलाच असावा, म्हणजे तेवढ्या एका घराला भट्टीची उचल घ्यावी लागणार नाही. तरुण संघातल्या ज्यांना शनिवारी येता येईल, त्यांनी हातात ओळंबा आणि दोरी घेऊन यावे. ओळंबा कसा धरायचा ते तिथला गवंडी दाखवील. पहिल्या तीन घरांची जोती भरून झाली आहेत आणि डीपीसी पुढच्या आठवड्यात घालायचा आहे.