संयुग कशाला म्हणायचे? प्रूस्त आणि बेर्तोले यांचा वाद



मिश्रण आणि संयुग यांतला फरक आपण सगळे शाळेत पाठ करून आलो आहोत. लोखंडाचा कीस आणि गंधक नुसते कालवले तर लोहचुंबक कीस ओढून घेतो, ते मिश्रण. तेच तापवले की काळा पदार्थ होतो आणि मग गंधक वेगळे, लोखंड वेगळे असे काही राहत नाही, ते संयुग. एवढे लिहिले की गुण मिळतात. पण याच फरकासाठी दोन थोर फ्रेंच रसायनज्ञ १८०० च्या आगेमागे कित्येक वर्षे नियतकालिकांतून एकमेकांशी झुंजले. तो वाद समजला, तरच हा फरक समजतो, असे माझे मत आहे.

जोझेफ प्रूस्त जन्माने फ्रेंच, पण त्याचे महत्त्वाचे काम झाले स्पेनमध्ये, आधी सेगोव्हियाच्या तोफखाना विद्यालयात आणि नंतर माद्रिदला. खाणीत सापडणारे तांब्याचे हिरवे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत तयार केलेले कार्बोनेट त्याने तपासले. दोन्हींत घटकांचे वजनी प्रमाण एकच निघाले. सरबतात साखर एक चमचा घाला की तीन, ते सरबतच राहते. पाण्यात मात्र वजनाने एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन, मग ते पाणी कुठल्याही नदीचे असो. संयुगाचे प्रमाण निसर्गाने बांधून दिलेले आहे, असे प्रूस्तचे म्हणणे.

त्याच्यासमोर उभा राहिला क्लोद लुई बेर्तोले, लाव्हाझिएचा सहकारी. १७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. तिथल्या नॅट्रॉन सरोवरांच्या काठी त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांची विक्रिया होऊन मीठ आणि चुनखडी तयार होते. इथे बरोबर उलटे चालले होते: मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा! बेर्तोलेने कारण ओळखले. मीठ आणि चुनखडी यांचा साठा इतका प्रचंड होता की त्या विपुलतेनेच विक्रिया उलटी फिरली होती. हे निरीक्षण रसायनशास्त्रातल्या उत्तम निरीक्षणांपैकी एक आहे. पण तो एक पाऊल पुढे गेला. पदार्थाच्या मात्रेने विक्रियेची दिशा बदलते, तर तयार होणाऱ्या संयुगातले प्रमाणही बदलत असले पाहिजे, असे त्याने ठरवले. पुरावा म्हणून त्याने मिश्रधातू, काच, द्रावणे आणि धातूंचे ऑक्साइड पुढे केले.

हे पुरावे लेचेपेचे नव्हते. पन्नास मिलिलिटर अल्कोहोल आणि पन्नास मिलिलिटर पाणी एकत्र करा, शंभर भरत नाहीत, आणि भांडे कोमट लागते. यात काहीच घडले नाही, असे कोण म्हणेल?

प्रूस्तने उत्तर तराजूने दिले. कथिलाचे ऑक्साइड दोनच आहेत, त्याने दाखवले. कथिल ऑक्सिजन घेते ते उडी मारत, उतारावरून घसरत नाही. मधल्या प्रमाणाचा जो नमुना सापडतो, तो या दोन ऑक्साइडांचे मिश्रण असतो. १८०८ मध्ये डाल्टनचा अणुसिद्धांत ग्रंथरूपाने आला आणि त्या उडीचे कारणही कळले: अणू अखंड येतो, अर्धा येत नाही.

तरीही एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. प्रमाण स्थिर तेवढ्यालाच संयुग म्हणायचे ठरवले, तर नियम खरा ठरणारच. म्हणून दुसरी कसोटी हवी. हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण उकळत ठेवले की ते शेवटी सुमारे वीस टक्क्यांवर येऊन थांबते आणि तसेच उकळत राहते. स्थिर प्रमाण, स्थिर उत्कलनबिंदू. मग हे संयुग का नव्हे? १८६० च्या सुमारास हेन्री रॉस्कोने हवेचा दाब बदलून पाहिला, तर ते प्रमाणही बदलले. म्हणजे ते मिश्रणच होते.

बेर्तोले पूर्ण हरला, असेही नाही. मात्रेचा परिणाम १८६४ मध्ये गुल्डबर्ग आणि वागे यांनी नियमात बांधला. पुढे विसाव्या शतकात रशियन रसायनज्ञ कुर्नाकोव्हने प्रमाण बदलणाऱ्या घन संयुगांना बेर्तोलेचेच नाव दिले. लोखंडाचा साधा ऑक्साइड घ्या. त्यात ऑक्सिजनच्या शंभर अणूंमागे लोखंडाचे शंभर अणू नसतात, साधारण पंच्याण्णव असतात, कारण स्फटिकातल्या काही जागा रिकाम्या राहतात. तरी तो संयुगच आहे.

समोर बरीच शिक्षक मंडळी बसलेली दिसतात, म्हणून एक विनंती करतो. हा धडा शिकवताना चुंबकावर थांबू नका, वर्गात तराजू आणा. मॅग्नेशियमची फीत मुशीत जाळा, आधीचे आणि नंतरचे वजन मुलांनाच करू द्या. तीन भाग मॅग्नेशियमला दोन भाग ऑक्सिजन, हे जवळपास जुळते. प्रत्येक गटाला फीत कमीअधिक द्या, आणि सगळ्यांची उत्तरे फळ्यावर एकाखाली एक लिहा.